किल्ली कोणाच्या हाती?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जळगावहून धुळ्याकडे निघाले की महामार्गावर एरंडोल लागते. अंजनी नदीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. महाभारतातील एकचक्रा नगरी ती हीच, असे इथली माणसे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. जवळच पद्मालयाच्या गणपतीचे देवस्थान आहे आणि त्याच रानात भीमाने बकासुराला मारले, अशी श्रद्धा आहे. गावात एक जुनी दगडी वास्तू आहे. तिला पांडववाडा म्हणतात आणि तिच्यात मशीद आहे. वास्तू कोणाची, यावरून जुना वाद आहे. हा पांडवांचा वाडा, असे एका बाजूचे म्हणणे. ही शेकडो वर्षांची मशीद, असे दुसऱ्या बाजूचे.

२०२३ साली हा वाद एकदम वर आला. एका संघर्ष समितीच्या तक्रारीवरून जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी ११ जुलै रोजी आदेश काढला आणि तिथे नमाजासाठी लोकांनी जाण्यावर निर्बंध आले. आठवड्याभरात, १८ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या आदेशाला स्थगिती दिली. शांतता भंग होईल याची अधिकाऱ्याला खात्री पटली होती, असे त्या आदेशावरून दिसत नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय होता. पुढे एप्रिल २०२४ मध्ये फाटकाची किल्ली नगरपरिषदेकडे द्यावी, असे उच्च न्यायालयाने सांगितले आणि प्रकरण दिल्लीला गेले. १९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्यवस्था लावून दिली. किल्ली नगरपरिषदेकडेच राहील. मात्र नगरपरिषदेने आपला माणूस नेमून पहाटेच्या पहिल्या नमाजाआधी फाटक उघडायचे आणि सगळ्या नमाजा होईपर्यंत ते उघडे ठेवायचे.

आजचा आपला विषय आहे लोकशाही देशांतील उजवा अतिरेक आणि समाज त्याला देत असलेले उत्तर. मग सुरुवात एरंडोलच्या किल्लीपासून कशासाठी? एवढ्यासाठी की, एक गोष्ट आरंभीच साफ करून घ्यावी. परंपरा, धर्म, राष्ट्र यांना अग्रस्थान देणारा तो उजवा विचार. लोकशाहीत या विचाराला पूर्ण जागा आहे. त्याने निवडणूक लढवावी, सभा घ्यावी, न्यायालयात दावा लावावा. वास्तूवर हक्क सांगणे म्हणजे अतिरेक नव्हे. अतिरेक सुरू होतो तो दोन ठिकाणी. शेजाऱ्याला या गावात आपल्याइतकाच हक्क आहे, हेच जेव्हा नाकारले जाते, तिथे. आणि निवाडा होण्याची वाट न पाहता आपणच शिक्षा द्यायला निघतो, तिथे. डावीकडेही असा अतिरेक आहे, गडचिरोलीने त्याची किंमत मोजली आहे. पण आज तो आपला विषय नाही.

स्वतंत्र भारतातला उजव्या अतिरेकाचा पहिला मोठा घाव महाराष्ट्रातल्या माणसांनी घातला, हे आपण विसरू नये. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींचा खून करणारा नथुराम गोडसे पुण्यात वर्तमानपत्र चालवत होता. तो आडरानातून आलेला कोणी अनोळखी माणूस नव्हता. शिकलेला, लिहिणारा, सभांत बोलणारा होता. आणि हा खून अचानक झाला असेही नाही. त्याआधी दहा दिवस, २० जानेवारीला, प्रार्थनासभेजवळ बॉम्ब फुटला होता. तो लावणारा मदनलाल पाहवा जागीच पकडला गेला होता. मुंबईच्या रुईया महाविद्यालयातील प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांनी दुसऱ्याच दिवशी आपल्याला कळलेली कटाची हकिकत मुंबई सरकारपर्यंत पोचवली होती. तरीही दहा दिवसांत मारेकऱ्यांपर्यंत कोणी पोचले नाही. पुढे न्यायमूर्ती कपूर यांच्या आयोगाने पोलिसांच्या या ढिलाईवर नेमके बोट ठेवले.

समाजाने काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. सरकारने राष्ट्रीय स्वयंसेवक संघावर बंदी घातली. संघ त्या खटल्यात आरोपी नव्हता आणि जुलै १९४९ मध्ये ती बंदी उठली. रस्त्यावर मात्र वेगळाच सूड चालला. मारेकरी ब्राह्मण होता म्हणून कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली. ज्यांचा त्या खुनाशी काडीचा संबंध नव्हता, त्यांचे संसार रस्त्यावर आले. एका माणसाच्या पापासाठी त्याच्या सगळ्या जातीला शिक्षा देणे, हे अतिरेक्याचेच तर्कशास्त्र. अतिरेकाला उत्तर देताना समाज अतिरेक्याचीच भाषा बोलू लागतो, तो असा.

त्याच वेळी दुसरे एक उत्तर पुढे आले. अमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या आणि अवघ्या खानदेशाने आपले मानलेल्या साने गुरुजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. गांधींना मारणारा हात महाराष्ट्राचा होता, म्हणून महाराष्ट्राने आत्मशुद्धी करावी, ही त्यामागची भावना होती. त्यांनी दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारला नाही. आणि न्यायालयांनी? लाल किल्ल्यात खटला रीतसर चालला. आरोपींना वकील मिळाले, अपील मिळाले. पंजाब उच्च न्यायालयात गोडसेने आपली बाजू स्वतः मांडली. राष्ट्रपित्याच्या खुनाचा खटला, सारा देश शोकात बुडालेला; तरी त्या अपिलात पुराव्याअभावी दोघे सुटले. लोकशाही म्हणतात ती हीच.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. ८ मे १९७० रोजी जळगाव शहरात दंगल झाली. आदल्या दिवशी भिवंडीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत दंगल पेटली होती आणि तिची झळ इथे पोचली. जळगावात ४३ माणसे मेली. त्यांत ४२ मुसलमान होते, एक हिंदू. आज शहरात फिरताना याची कुठे खूण दिसत नाही. साठीच्या आतल्या बहुतेकांना हे ठाऊकही नाही. सरकारने न्यायमूर्ती माडोन यांचा चौकशी आयोग नेमला. त्यांनी भिवंडी, जळगाव आणि महाड इथल्या दंगलींचा तपशील अनेक खंडांत लिहून ठेवला. त्या अहवालातून कळते ते असे की, दंगल ज्या दिवशी होते त्या दिवशी सुरू होत नाही. तिच्याआधी कितीतरी महिने लहान लहान भांडणे साठत जातात. मंडळे, संघटना उभ्या राहतात. कुठल्या तरी क्षुल्लक तंट्याला धर्माचा रंग दिला जातो, पत्रके निघतात, अफवा फिरतात. ज्यांनी हे टिपून वर कळवायचे ते टिपत नाहीत, किंवा टिपले तरी कोणी वाचत नाही. आणखी एक गोष्ट माडोन यांनी स्पष्ट सांगितली. भिवंडीत दंगलीनंतरचा पोलीस तपासही एका समाजाकडे झुकलेला होता. म्हणजे जखम झाली ती झालीच, वर औषधातही भेसळ.

हा झुकलेला तपास फक्त आपल्याकडेच असतो असे नाही. जर्मनीचे उदाहरण घ्या. २००० ते २००७ या काळात तिथे नवनाझी टोळीने दहा खून केले. मेलेल्यांत आठ जण तुर्की वंशाचे, एक ग्रीक आणि एक पोलीस महिला. कोणी फुले विकणारा, कोणी किराणा दुकानदार. पोलिसांनी वर्षानुवर्षे संशय घेतला तो मेलेल्यांच्या घरच्यांवरच. अमली पदार्थांचा धंदा असेल, आपापसातले वैर असेल, असे धरून चालले. उजव्या टोळीचे हे काम असेल, ही शक्यता तपासात मागेच पडली. २०११ साली खरे उघड झाले, तेव्हा देशाला धक्का बसला. २०१२ मध्ये चॅन्सेलर अँगेला मर्केल यांनी मृतांच्या कुटुंबीयांची जाहीर क्षमा मागितली. लोकसभेसारख्या त्यांच्या सभागृहाने चौकशी केली. २०१८ मध्ये मुख्य आरोपीला जन्मठेप झाली.

आता हे मालेगावशी ताडून पाहा. मालेगाव आपल्या शेजारचे. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे कब्रस्तानाजवळ स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे गेली. मेले ते बहुतेक मुसलमान. पकडले गेले नऊ जण, तेही मुसलमान. त्यांनी कित्येक वर्षे तुरुंगात काढली. पुढे तपास दुसऱ्या दिशेला वळला आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्या आरोपींना दोषमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या दुसऱ्या स्फोटात सहा जण मेले. त्या वेळी हिंदुत्ववादी संघटनांशी संबंध असल्याच्या आरोपावरून माणसे पकडली गेली. जवळपास सतरा वर्षांनी, ३१ जुलै २०२५ रोजी, विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडले. संशय कितीही दाट असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. हे तत्त्व बरोबरच आहे. २००६ च्या नऊ जणांनाही त्याच तत्त्वाने आधी वाचवायला हवे होते. परंतु मालेगावच्या ज्या घरांतली माणसे गेली, त्या घरांनी विचारायचे कोणाला? एकदा या धर्माची माणसे पकडली, एकदा त्या धर्माची. दोन्ही वेळा त्या-त्या बाजूच्या लोकांनी जल्लोष केला किंवा गळा काढला. पुरावा मात्र दोन्ही वेळा कच्चा. तपास जेव्हा आधी धर्म ठरवतो आणि मग माणूस शोधतो, तेव्हा खरा गुन्हेगार निवांत झोपतो, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

दाभोलकरांच्या बाबतीत तरी निकाल लागला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात पुलावर सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पाठोपाठ फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. आपल्याकडचा तपास अडखळत होता. उच्च न्यायालयाला त्यावर देखरेख ठेवावी लागली. कर्नाटकाच्या विशेष पथकाने लंकेश खुनाचा धागा चिकाटीने ओढला, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात स्फोटकांचा साठा सापडला. त्या अटकांतून दाभोलकरांच्या खुनाची वाट उघडली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना पुराव्याअभावी सोडले. खरा सूत्रधार दुसराच कोणी आहे आणि तपास यंत्रणा त्याच्यापर्यंत पोचल्या नाहीत, असेही न्यायालयाने नोंदवले.

या अकरा वर्षांत समाजाने काय केले, ते मला महत्त्वाचे वाटते. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते दर महिन्याच्या वीस तारखेला त्याच पुलावर जमत आणि शांतपणे जाब विचारत. कोणाचे दुकान फोडले नाही, बस जाळली नाही. कोल्हापुरात माणसे ‘निर्भय मॉर्निंग वॉक’ काढू लागली, म्हणजे ज्या वेळी मारेकरी येतात त्याच वेळी आम्ही रस्त्यावर असू, असे सांगू लागली. आणि ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी दाभोलकर आयुष्यभर झटले, त्याचा अध्यादेश त्यांच्या खुनानंतर काही दिवसांतच निघाला. डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. खून करून विचार थांबवता येत नाही, याचा हा लेखी दाखला.

परदेशांतले एक उदाहरण नॉर्वेचे सांगतो. २२ जुलै २०११ रोजी एका उजव्या अतिरेक्याने ऑस्लोत सरकारी इमारतीबाहेर बॉम्ब उडवला आणि मग एका बेटावर तरुणांच्या शिबिरात शिरून गोळीबार केला. ७७ जीव गेले, बरेचसे कोवळ्या वयाचे. आमचे उत्तर अधिक लोकशाही, अधिक मोकळेपणा हे असेल, अशी भूमिका तिथल्या पंतप्रधानांनी घेतली. हे नुसते भाषण राहिले नाही. आरोपीवर साध्या न्यायालयात खटला चालला. त्या न्यायालयात मेलेल्या प्रत्येकाची छोटीशी ओळख वाचली गेली, फोटो दाखवला गेला. म्हणजे सगळा प्रकाश मारेकऱ्यावर न राहता गेलेल्यांवर पडला. आरोपीने ज्या बालगीताची टवाळी केली, ते गाणे ऑस्लोच्या चौकात हजारो माणसांनी पावसात उभे राहून म्हटले. आणि सरकारने नेमलेल्या आयोगाने सरकारच्या आणि पोलिसांच्या चुकाही परखडपणे मांडल्या. एकोपा आणि आत्मपरीक्षण ही दोन्ही कामे एकाच समाजाने केली.

श्रोतेहो, नॉर्वे लांब आहे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाने काय करायचे? कायद्याच्या तरतुदी आपल्या हाताशी आहेत, त्या आधी माहीत करून घ्याव्यात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या मोबाइलवरच्या अफवेवरून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच जणांना ठेचून मारले. त्यात धर्माचा प्रश्न नव्हता. पण जमाव एकदा न्यायाधीश झाला की काय होते, ते खानदेशाने पाहिले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात जमावाच्या हिंसेसाठी एक वरिष्ठ पोलीस अधिकारी जबाबदार धरावा, असे निर्देश दिले. एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितले की, द्वेष पसरवणारे भाषण झाले तर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, बोलणारा कोणत्याही धर्माचा असो. तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये जामनेर तालुक्यातला एक मुस्लिम तरुण जमावाच्या मारहाणीत मेलाच. निर्देश कागदावर असतात. ते ठाण्यापर्यंत आणायला गावातली माणसे लागतात.

म्हणून काही साध्या गोष्टी. गणपती, ईद, शिवजयंतीच्या आधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते. तिथे तीच ती मंडळी जाऊन चहा पिऊन येतात. तिथे शाळेतला मुख्याध्यापक, बाजार समितीतला अडत्या, रिक्षावाला, दोन्ही समाजांतल्या बायका जायला हव्यात, कारण गल्लीत काय शिजते आहे ते त्यांना आधी कळते. बाहेरगावचा वक्ता येऊन भडक बोलून गेला, तर दुसऱ्या दिवशी गावातल्याच चार मानाच्या माणसांनी, त्याच समाजातल्या, उघडपणे म्हणावे की हे आम्हांला मान्य नाही. दुसऱ्या समाजाने निषेध करणे सोपे असते आणि त्याचा उपयोगही कमी होतो. तिसरे, आपल्या घरातल्या मुलाशी बोलत राहावे. पदवी आहे, नोकरी नाही, कापसाला भाव नाही, लग्न जमत नाही. अशा मुलाला कोणीतरी सांगते की तुझ्या हालाला अमुक जात, अमुक धर्म कारण आहे. त्याला प्रथमच आपण कोणीतरी आहोत असे वाटते. त्याच्या हातात झेंडा येतो, मग काठी. गुन्हा दाखल होतो तेव्हा नाव त्याचे असते. भाषण करणारा आपल्या गाडीत बसून पुढच्या गावाला गेलेला असतो.

एकचक्रा नगरीची गोष्ट एरंडोलच्या माणसाला वेगळी सांगायला नको. बकासुराला रोज गाडाभर अन्न आणि एक माणूस जायचा. पाळी ठरलेली असे. जिच्या घरी पाळी, त्या घरी रडारड. बाकी गाव त्या दिवशी सुखाने जेवे, कारण आज आपली पाळी नाही. राक्षसाच्या ताकदीइतकाच त्या सुखाच्या जेवणानेही राक्षस पोसला होता. अतिरेकही असाच पोसला जातो. आज मालेगावची पाळी, काल जळगावची, कधी एका विचारवंताची, कधी फिरस्त्या भिक्षेकऱ्यांची. मात्र गोष्ट तिथे संपते आणि आपले काम सुरू होते. लोकशाहीत भीमाची वाट पाहायची नसते. एखादा भीम येऊन सगळ्यांना सरळ करील, ही आशाच लोकांना अतिरेकाकडे नेते. आपल्याला पुरेसा आहे तो वेळेवर नोंदवलेला गुन्हा, निःपक्ष तपास, आणि पाळी आपली नसतानाही दारात येऊन उभा राहणारा शेजारी.

पांडववाड्याचा अंतिम निवाडा जो काय व्हायचा तो पुराव्यावर आणि कायद्यावर होईल. तोवर फाटकाची किल्ली दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही हाती नाही. ती नगरपरिषदेकडे आहे, म्हणजे कर भरणाऱ्या, मत देणाऱ्या सगळ्या गावाकडे आहे. पहाटे नगरपरिषदेच्या माणसाने वेळेवर उठायचे आणि कुलूप काढायचे. काम अगदी साधे आहे, त्याची बातमी होत नाही. पण ते रोज, न चुकता, कोणाच्याही दबावाखाली न येता होत राहणे, हेच अतिरेकाला दिलेले खरे उत्तर आहे.